आठवणी लिहायला शिकवणारा शनिवारचा वर्ग, रेल्वे लाइन्स, सोलापूर: माझा अनुभव

सोलापुरात साठी उलटलेल्या माणसाला नवीन काही शिकायचं म्हटलं, तर योगासनं, भजनी मंडळ आणि मोबाईल कसा वापरायचा याचे वर्ग, एवढंच समोर येतं. लिहायला शिकवणारा वर्ग मला तरी दुसरा सापडला नाही. म्हणून रेल्वे लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात दर शनिवारी भरणाऱ्या या वर्गाबद्दल सविस्तर लिहितेय. इथं कविता शिकवत नाहीत, कथेचं तंत्रही शिकवत नाहीत. आपण जे जगलो ते आपल्याच बोलण्यात कागदावर कसं आणायचं, तेवढंच शिकवतात. एक वर्ष पूर्ण करून मी पुन्हा नाव घातलंय, त्यावरून माझं मत कळावं.

आधी व्यवहाराचं सांगते. वर्ग घेणाऱ्या बाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आहेत. वर्ग त्यांच्या घरीच, पहिल्या मजल्यावरच्या लांब खोलीत भरतो. जागा १२ जणांची, म्हणून नाव आणि नंबर कुठं टाकू नका असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, ते मी पाळतेय. सात रस्ता, रेल्वे लाइन्स भागात वाचनाची आवड असलेल्या कुणालाही विचारलंत तर पत्ता मिळेल. फी महिन्याला ५०० रुपये, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून बाई घेत नाहीत, मात्र हे कुणापुढे बोलूनही दाखवत नाहीत. वेळ दुपारी ४ ते ६. मार्च लागला की वर्ग सकाळी साडेसातला होतो, कारण आपल्याकडच्या उन्हात दुपारी चारला बाहेर पडणं म्हाताऱ्या माणसाचं काम नव्हे. बरोबर २०० पानी रेघांची वही आणि लिहिताना बोटं दुखणार नाहीत असं पेन आणायचं. बाकी काही लागत नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, नाहीतर वर्गाचा काय उपयोग झाला ते कळणार नाही. मी पोस्टात होते. तीस वर्षांहून जास्त नोकरी, त्यातली बरीचशी मनीऑर्डरच्या काउंटरवर. निवृत्त झाल्यावर मुलगा पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आला की रात्री जेवताना मी काही ना काही सांगत बसायची. तो म्हणायचा, "आई, हे लिहून ठेव." मी लिहायला घेतलं, पण वहीवर जे उतरायचं ते ताटावर बसून सांगितलेल्यासारखं नसायचं. "सन १९७२ साली पडलेल्या दुष्काळामुळे कुटुंबाची परिस्थिती अत्यंत हलाखीची झाली होती." हे वाक्य खरं आहे. व्याकरणही बरोबर आहे. पण ते माझ्या घराबद्दल आहे हे त्या वाक्याला माहीतच नाही. एवढी वर्षं अर्ज, अहवाल, खुलासे लिहून तीच भाषा हाताला लागली होती आणि हात दुसरी भाषा मानायला तयार नव्हता.

पहिल्या दिवशी मी हेच वाक्य वाचलं. बाईंनी लाल पेन उचललं नाही. त्या पेन्सिल वापरतात, आणि चूक खोडत नाहीत. जो शब्द आपण घरात कधीच उच्चारत नाही त्याला एक बारीक गोल करतात. मग प्रश्न विचारतात. मला त्यांनी विचारलं, "भाकरी कशाची होती? कोण थापत होतं? घरात किती जण जेवायला होतात? शेवटचं ताट कुणाचं असायचं?"

मी त्या वेळी १४ वर्षांची होते. वडील मिलमध्ये, त्यामुळे पगार चालू होता आणि आम्ही उपाशी नव्हतो. पण मामा मंगळवेढ्याकडचे. तिकडं त्यांची काळी जमीन, मालदांडी ज्वारीची. ती जमीन पडीक पडली आणि मामा, मामी, चार पोरं आमच्या मिलमागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला आले. मामी काही दिवस खडी फोडायला गेली होती, तिथं खायला मिळणारा कोरडा खाऊ, म्हणजे सुकडी, ती पदरात बांधून पोरांसाठी आणायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. त्या पिठाला विरी नसायची. आई आधणाचं पाणी घालून मळायची तरी भाकरीच्या कडा तुटायच्या, तव्यावर उलटताना दोन तुकडे व्हायचे. आख्ख्या निघालेल्या भाकरी आई मामांना वाढायची आणि तुकडे आम्हाला. मामा ताटाकडं बघायचे नाहीत. जगातली उत्तम ज्वारी पिकवणारा माणूस भिंतीकडं तोंड करून लाल भाकरी खायचा, आणि आई रोज त्यांना विचारायची, "दादा, अजून अर्धी वाढू?"

हे मी बाईंच्या प्रश्नांना उत्तरं देताना बोलले. त्या म्हणाल्या, "आता जे बोललात तेच लिहा. एक शब्दही वाढवू नका." घरी येऊन लिहिलं. "हलाखी" त्यात कुठंच आली नाही, आणि मुलानं फोनवर ऐकलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

वर्गाचा नियम असा की कुणी वाचून संपवलं की "छान", "फारच सुंदर", "डोळ्यांत पाणी आलं" असं कुणी म्हणायचं नाही. ऐकताना डोळ्यांपुढं काय आलं तेवढं सांगायचं. सुरुवातीला हे कोरडं वाटतं. आपल्याकडं कुणी काही वाचलं की टाळ्या आणि कौतुक ही रीतच आहे. पण महिनाभरात कळतं की कौतुकानं लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "मला तुझ्या मामांची पाठ दिसली" असं कुणी म्हटलं, की कुठलं वाक्य उभं राहिलं ते आपल्याला नेमकं समजतं. आणि ज्या भागाबद्दल कुणीच काही बोललं नाही तो भाग पुन्हा लिहायचा, हेही न सांगता समजतं.

दुसरा नियम मला आणखी मोलाचा वाटतो. ज्या घटनेबद्दल सगळ्या गावाला माहीत आहे ती लिहायची असेल तर फक्त आपण जिथं उभे होतो तिथून लिहायची. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमची गड्ड्याची यात्रा आली तेव्हा बाईंनी सगळ्यांना तोच विषय दिला आणि सांगितलं की सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदान हे सगळं वर्तमानपत्रात येतं, ते मला नको. चादर कारखान्यात आयुष्य घालवलेल्या एका काकांनी मग शेजाऱ्यांच्या बाराबंदीबद्दल, म्हणजे यात्रेत घालायच्या पांढऱ्या अंगरख्याबद्दल लिहिलं. ती धुऊन, नीळ घालून वाळत टाकलेली असायची आणि चाळीतल्या पोरांना त्या दोरीखालून पळायला मनाई होती. लहानपणी यात्रा म्हणजे त्यांना ती दोरी. मी अख्खं आयुष्य सोलापुरात काढलं, पण सिद्धेश्वराच्या यात्रेबद्दल इतकं जवळचं काही मी वाचलेलं नव्हतं.

हे काका घरी तेलुगू बोलतात. आमच्या वर्गात कन्नड बोलणाऱ्या दोघीजणी आहेत, बेगम पेठेतले एक शिवणकाम करणारे चाचा आहेत जे उर्दूत लिहून आणतात आणि वाचताना मराठीत सांगत जातात. बाईंचं म्हणणं, ज्या भाषेत आईनं रागावलं त्या भाषेत आठवा, मग कुठल्याही भाषेत लिहा. सोलापूरच्या वर्गाला हे शोभतं. दुसऱ्या गावात अशा वर्गात प्रमाण मराठीचा धाक असता तर यातले निम्मे लोक दुसऱ्या आठवड्याला आलेच नसते. आपलं "करलालाय", "येलालो", "या की ओ" इथं तसंच्या तसं लिहिलेलं चालतं, एवढंच नव्हे तर संवादात ते पुस्तकी केलं तर बाई पेन्सिलीनं गोल करतात.

लिहायला वय आडवं येत नाही, हे सांगायला बाई उपदेश करत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी 'स्मृतिचित्रे'मधलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सांगितलं की लक्ष्मीबाई टिळकांना लिहावाचायला लग्नानंतर आलं, आणि या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या पासष्टीच्या पुढं होत्या. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला फार उपयोगी पडली. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यांत ठळक येतात, आणि अभ्यासकांनीही हे पाहिलेलं आहे. त्यामुळे "मला कालचं आठवत नाही, पन्नास वर्षांपूर्वीचं कसं लिहू" ही भीती बाजूला ठेवा, तेच जास्त स्पष्ट येईल. खरंच तसं झालं. चाळीतल्या नळाचं पाणी पहाटे यायचं तेव्हा आधी नळ कसा सू-सू वाजायचा, हे मी चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

आता माझ्या दृष्टीनं या वर्गाची सगळ्यात मोठी गोष्ट. एकदा बोलता बोलता मी म्हणाले की काउंटरवर मी बऱ्याच बायकांचे मनीऑर्डर फॉर्म भरून द्यायची. त्या काळी फॉर्मच्या खाली एक कूपन असायचं, त्यावर पैसे पाठवणाऱ्यानं चार शब्द लिहायचे. विडी कामगार बायका, मिलमधल्या माणसांच्या बायका, बांधकामावरचे मजूर. लिहिता येत नसलं की ते काउंटरच्या जाळीजवळ तोंड आणून सांगायचे आणि मी लिहायची. तेलंगणातल्या गावी जाणारा फॉर्म असेल तर शेजारच्या टेबलवरचा सहकारी तेलुगूत लिहून द्यायचा, बाकीचे माझ्याकडं. जागा इतकी कमी की सगळं सांगून झाल्यावर मी त्यातलं निवडून लिहायची. "सर्व खुशाल. पैसे मिळाल्यावर कळवा. आईला डॉक्टरकडे न्या."

बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी कूपनवर न बसलेलं लिहून आणा."

त्यातून मी जे लिहायला लागले ते अजून संपलेलं नाही. कूपनवर "आईला डॉक्टरकडे न्या" होतं. न बसलेलं असं होतं, की ती बाई दोन मिनिटं आधी म्हणाली होती, "मी येलाले म्हणून लिहू नका, मी येऊ शकत नाही, पण लिहा असं की येईन वाटावं." कूपनवर "पोराला शाळेत पाठवा" होतं. न बसलेलं असं, की एका बापानं पोराचं नाव उच्चारताना आधी खिशातून फोटो काढून बघितला होता. हे सगळं माझ्याजवळ इतकी वर्षं होतं. पोस्टाच्या कुठल्याही रजिस्टरला ते नको होतं, म्हणून मीही ते टिपण्यासारखं मानलं नव्हतं.

या ओघात किल्लारीच्या भूकंपाचं आलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, सगळी गावं गणपती विसर्जन करून दमून झोपलेली. सोलापुरातही फडताळातली भांडी वाजली आणि आम्ही मुलांना घेऊन रस्त्यावर आलो. त्यानंतर काही आठवड्यांनी काउंटरवर परत आलेल्या मनीऑर्डरी यायला लागल्या. पैसे घेणारा भेटला नाही तर रक्कम पाठवणाऱ्याला परत द्यायची असते. उमरग्याकडचा एक माणूस इथं यंत्रमागावर कामाला होता, दर महिन्याला आईला पैसे पाठवायचा. त्याची मनीऑर्डर परत आली. घेणारी हयात नाही असा शेरा. त्याला कळलेलं होतंच, तो गावी जाऊनही आला होता. तरी फॉर्म बघितल्यावर म्हणाला, "बाई, परत पाठवा की ओ. पत्ता बरोबर हाय."

माझा पहिला मसुदा होता: "भूकंपानंतर अनेक मनीऑर्डरी परत आल्या. तो अत्यंत हृदयद्रावक प्रसंग होता." बाईंनी "हृदयद्रावक"ला गोल केला आणि विचारलं, "त्या वेळी तुमच्या हातात काय होतं?"

हातात शिक्का होता. शाईच्या गादीवर दाबून उचललेला. तो मी कागदावर मारला नाही आणि खालीही ठेवला नाही. रांगेतलं कुणी "लवकर करा" म्हणालं नाही. मी नवीन फॉर्म घेतला, त्याच्या आईचं नाव, गाव, तालुका लिहिलं, आणि कूपनवर काय लिहू म्हणून विचारलं. तो म्हणाला, "पैसे पाठवलालो. मिळाले की कळव." मी तेवढं लिहिलं आणि फॉर्म त्याच्या हातात दिला. तो फॉर्म घेऊन बाकड्यावर बसला. काउंटर बंद व्हायच्या वेळेला उठला, फॉर्म घडी करून खिशात ठेवला, परत आलेले पैसे घेतले आणि अंगठा दिला.

वर्गात हे वाचून झाल्यावर चादरवाले काका एवढंच म्हणाले, "मला घडी दिसली."

त्या शनिवारी मला समजलं की माझी वाक्यं छोटी आहेत. कूपनवर बसतील एवढी. साहित्यिक वाटावं म्हणून मी जी लांब वाक्यं जुळवत होते ती माझी नव्हती, आणि कचेरीची भाषाही माझी नव्हती. जाळीपलीकडून एक माणूस घाईघाईनं सांगतोय आणि मला त्यातलं महत्त्वाचं तेवढं वेचायचंय, हीच माझी लिहिण्याची सवय होती आणि ती मला नोकरीनंच लावली होती. बाईंनी मला शैली शिकवली नाही. जी होती तिच्यावर साचलेलं बाजूला केलं.

प्रत्येकाचं असंच होतं असं मी म्हणणार नाही. निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक गृहस्थ वर्षभर भाषणंच लिहीत राहिले, आणि त्यांना ती सोडायची नव्हती. बाईंनी त्यांना कधी अडवलं नाही. दुसऱ्या एका आजींच्या हाताला कंप आहे, त्या बोलतात आणि नात फोनवर रेकॉर्ड करून वहीत उतरवते. फोनवर बोलून टाइप होण्याची सोयही आम्ही त्यांच्यासाठी वापरून बघितली. पुस्तकी मराठी फोन बरा ओळखतो, पण आजींचं बोलणं त्याला झेपलं नाही, तेव्हा नातच बरी.

आता जे पटलं नाही तेही सांगते. जिना उंच आणि अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्यानं आधी एकदा जाऊन बघावं. खुर्च्या प्लास्टिकच्या आणि बिनहाताच्या आहेत, दोन तास बसायचं तर पाठीमागं घ्यायला उशी घरून न्यावी. वाचनाला वेळेची मर्यादा नाही, त्यामुळे मोठ्या आवाजाची माणसं वीस वीस मिनिटं घेतात आणि शांत स्वभावाच्या बायकांचं वाचन पुढच्या आठवड्यावर जातं. बाईंनी घड्याळ लावायला हवं, मी त्यांना तसं सांगितलंय.

एक गोष्ट जास्त गंभीर आहे. बाईंचा स्वतःचा ओढा दुःखाकडं आहे. कष्टाचं, मरणाचं, ताटातुटीचं लिहिलं की त्यांचे प्रश्न संपत नाहीत, आणि आनंदाचं वाचलं की "बरं, पुढं कोण?" असं होतं. मी पहिल्या पगारातून आईला आणि चाळीतल्या दोघी मावशींना गड्ड्यातल्या मोठ्या पाळण्यात बसवलं होतं. पाळणा वर गेला तेव्हा आईनं माझा दंड असा धरला की वळ उठले, आणि खाली येईपर्यंत ती हसत होती. तिला इतकं मोठ्यानं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा वर्ग लगेच पुढं गेला. मला ते लागलं. आमच्या पिढीच्या बायकांनी फक्त सोसलं असं नाही, आम्ही मजाही केली, आणि ती लिहायला तितकीच कठीण आहे. हसणं कागदावर उभं करायला कुणी शिकवलं तर मला हवं आहे.

घरच्या माणसांबद्दल लिहिण्याचा प्रश्नही इथं अर्धवट सुटतो. बाई म्हणतात, आधी लिहा, कुणाला दाखवायचं ते मग ठरवा. लिहिताना हा सल्ला बरोबर आहे, पण वर्गात वाचलं की ते दाखवल्यासारखंच झालं. एकानं दुसऱ्याच्या लिखाणाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता, तेव्हापासून वह्यांचे फोटो काढायचे नाहीत असा नियम झाला. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. माझ्या सासूबाईंवरचं लिखाण मी नणंदेला वाचून दाखवलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या ज्या मला ठाऊक नव्हत्या. आता त्या लिखाणात तिच्याही आठवणी आहेत. असं सगळ्यांच्या घरी होईलच असं नाही, म्हणून नवीन येणाऱ्यानं पहिले काही महिने गेलेल्या माणसांपेक्षा जागांबद्दल, वस्तूंबद्दल लिहावं असं मी सुचवेन. चूल, नळ, सायकल, रेशनची पिशवी. माणसं त्यातून आपोआप येतात.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाची एक छोटी पुस्तिका करतात. टायपिंग बाहेरून करून घ्यायचं, झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग, २५ प्रती. याचे पैसे फीमध्ये धरलेले नाहीत, ते वेगळे. माझी पुस्तिका ज्या दुकानात टाइप झाली तिथं टाइप करणाऱ्या मुलानं माझ्या माणसांचं सगळं बोलणं "शुद्ध" करून ठेवलं. "पत्ता बरोबर हाय"चं "पत्ता बरोबर आहे" झालं, "पाठवलालो"चं "पाठवत आहे". मुलाचा हेतू चांगला होता, त्याला शाळेत तेच शिकवलेलं. पण तो यंत्रमागावरचा माणूस त्या पानावरून निघून गेला होता. मी सगळं परत बसून तपासलं, पेन्सिलीनं प्रत्येक शब्दाला गोल केला आणि पुन्हा छापून घेतलं. तेव्हा पुस्तिका करणाऱ्यांनी पहिलं प्रूफ मागितल्याशिवाय २५ प्रती काढू देऊ नयेत, आणि टाइप करणाऱ्याला आधीच सांगावं की बोलणं जसं आहे तसं ठेव.

हा वर्ग कुणासाठी? ज्यांना पुस्तक छापून सत्कार करून घ्यायचाय त्यांच्यासाठी नाही. ज्यांना वंशावळ, जन्मतारखा, कुठं नोकरी, कुठं बदली असा कुटुंबाचा इतिहास नोंदवायचाय त्यांनाही इथं फार मदत मिळणार नाही, बाईंना त्यात रस नाही. पण ज्यांच्या घरी मुलं-नातवंडं म्हणतात "सांग ना ते परत", आणि लिहायला बसलं की ते येत नाही, त्यांनी जरूर जावं. शिक्षण किती आहे याचा काही संबंध नाही. आमच्या वर्गात चौथी शिकलेल्या एक मावशी आहेत, त्यांचं शुद्धलेखन त्यांचं स्वतःचं आहे, आणि विडी कारखान्यात विड्या जमा करताना छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांकडं बघणाऱ्या बायकांचे चेहरे त्यांनी जसे लिहिलेत तसे मला कधी लिहिता येणार नाहीत. स्वतःचं लिखाण ऐकवायला लाज वाटत असेल तर पहिले दोन-तीन शनिवार नुसतं ऐकायला बसलं तरी चालतं, बाई आग्रह करत नाहीत.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण जिन्याचा नाही, पाळण्याचा.

नवीन बॅच दसऱ्यानंतर सुरू होते. पितृपंधरवड्यातच विचारून ठेवा, कारण दिवाळीपर्यंत जागा उरत नाही. रिक्षानं येणार असाल तर सात रस्त्यावरून आत रेल्वे लाइन्सकडं वळायला सांगा, बंगल्यासमोर मोठं कडुलिंबाचं झाड आहे आणि फाटक शनिवारी उघडंच असतं.